सर्कशीचे डबे आणि भिंतीआडची जोखीम

श्रोतेहो, विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ सुरू केली, त्याच्या आठच वर्षे आधी अमेरिकेत बार्नमच्या सर्कशीचा पसारा विल्यम कूप या व्यवस्थापकाने रेल्वेवर चढवला होता. तेथून सुरू झालेली परंपरा जवळजवळ दीड शतक टिकली. मे 2017 मध्ये रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली सर्कशीने खेळ थांबवला, तेव्हा तिच्या सुमारे मैलभर लांबीच्या दोन गाड्याही थांबल्या आणि त्यांचे डबे विक्रीला निघाले. विस्कॉन्सिनमधील बाराबू येथे 1959 मध्ये उघडलेल्या सर्कस वर्ल्ड या संग्रहालयात त्याहून जुन्या काळातील डबे आणि गाडे जपलेले आहेत. अशा जुन्या डब्यांच्या दुरुस्तीचा मोठा भार ठिकठिकाणी स्वयंसेवक उचलतात. मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे आणि म्हणूनच त्यांच्या जिवाला असलेल्या धोक्याबद्दल स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते.

कोणत्याही जुन्या प्रवासी डब्यात जोखीम असतेच. सर्कशीच्या डब्यात ती अधिक असते, कारण हे डबे बहुधा रेल्वे कंपन्यांनी काढून टाकलेले आणि सर्कशीने आपल्या सोयीने बदललेले असत. आसने काढून लहान लहान खोल्या पाडल्या जात, स्वयंपाकघर बसवले जात असे, जनित्रातून नव्या तारा ओढल्या जात आणि कामगार बदलले की त्यावर आणखी बदल होत. त्यामुळे मूळ कारखान्याचा आराखडा हाती असला, तरी समोरच्या फळीमागे काय आहे, हे त्यावरून कळत नाही.

फळीमागे सापडणाऱ्या गोष्टींत सर्वांत घातक म्हणजे ॲस्बेस्टॉस. वाफेवर डबे तापवण्याच्या काळात नळ्यांभोवती ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असे आणि भिंतीत व फरशीखालीही ते वापरले जाई. ते अखंड असेपर्यंत फारसा अपाय करत नाही. स्वयंसेवक पहार घालून फळी उचकटतो, तेव्हा त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात. त्यांतून होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग अनेकदा वीस ते पन्नास वर्षांनी प्रकट होतो. काम करताना खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, म्हणून ‘आम्ही इतकी वर्षे हेच करत आलो, आम्हाला काही झाले नाही’ हा अनुभवी माणसाचा दाखला येथे पूर्णपणे निरुपयोगी ठरतो. नाकावर बांधलेला रुमाल किंवा साधा कागदी मास्कही हे तंतू अडवत नाही.

दुसरा धोका रंगाचा. सर्कशीचे डबे पुन्हा पुन्हा रंगवले जात आणि जुन्या थरांत, विशेषतः गंज रोखण्यासाठी पोलादावर दिलेल्या शेंदरी अस्तरात, शिसे असते. कोरडे घासल्यास त्याची धूळ उडते, ज्योतीने तापवल्यास वाफ होते. ही धूळ कपड्यांवरून घरी जाते आणि तिचा सर्वाधिक त्रास लहान मुलांना होतो. म्हणून खरवडकाम ओले करावे, कपडे तेथेच बदलावेत आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. रंग उतरवण्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे मिथिलीन क्लोराइड तर बंद डब्यात माणसाला बेशुद्ध करून मारू शकते.

आगीविषयी सर्कशीच्या इतिहासाने फार मोठी किंमत मोजली आहे. 22 जून 1918 रोजी इंडियाना राज्यात हॅमंडजवळ हेगनबेक-वॉलेस सर्कशीच्या गाडीवर मागून रिकामी लष्करी गाडी आदळली. लाकडी शयन-डबे चिरडले, पेटले आणि 86 माणसे गेली. आजच्या दुरुस्तीत धोका वेल्डिंगच्या ठिणगीचा आहे. ती फळीमागच्या भुशात तासभर धुमसू शकते, त्यामुळे काम संपल्यानंतरही कोणीतरी पाणी घेऊन तेथे थांबले पाहिजे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीगही आपोआप पेट घेतो; त्या झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाकाव्यात.

डबा उचलताना तो केवळ जॅकवर ठेवून कोणीही खाली जाऊ नये. लाकडी ठोकळ्यांचा भक्कम थर रचल्यावरच बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याला, हात लावावा. चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके हवेत. अमेरिकन रेल्वेत माणूस डब्याखाली असताना रुळावर निळा झेंडा लावतात आणि ज्यांनी तो लावला त्यांच्याशिवाय तो कोणी काढू शकत नाही. हा नियम संग्रहालयाच्या आवारातही जसाच्या तसा पाळावा. डबा पुन्हा मार्गावर धावणार असेल, तर चाकांची तपासणी त्या विषयातील जाणकारांनीच केली पाहिजे. जानेवारी 1994 मध्ये फ्लोरिडातील लेकलंड येथे रिंगलिंगच्या गाडीचे एक चाक तुटून ती घसरली आणि दोघांचा मृत्यू झाला.

अमेरिकेचा 1970 चा कामगार-सुरक्षा कायदा मालक आणि कर्मचारी यांच्या नात्यावर आधारलेला असल्याने बिनपगारी स्वयंसेवक साधारणपणे त्याच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणजे ज्याला सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेले असते, त्याच्याच मागे कायदा उभा नसतो. ही उणीव संस्थेनेच भरून काढायला हवी, असे माझे ठाम मत आहे. देणगीतील पहिला खर्च रंगावर किंवा काचांवर न करता नमुने प्रयोगशाळेत तपासण्यावर करावा, ॲस्बेस्टॉस काढण्याचे काम परवानाधारकांकडे द्यावे आणि तेवढे पैसे जमेपर्यंत डबा कुलूप लावून छपराखाली ठेवावा.