कूटबद्ध वायरलेस : किल्ली कुठे हरवते?

अनंत चतुर्दशीच्या दुपारी अलका चौकात बंदोबस्ताला उभ्या असलेल्या हवालदाराच्या खांद्यावरचा माइक सतत खरखरत असतो. लक्ष्मी रस्त्यावर कोणते मंडळ कुठवर आले, कोणता रस्ता बंद ठेवायचा, रुग्णवाहिकेला वाट कुठून काढून द्यायची, हे सारे कंट्रोलशी होणाऱ्या या तुटक बोलण्यातून ठरत जाते. राज्याच्या पोलीस बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

ॲनालॉग पद्धतीचा असा संवाद त्याच फ्रिक्वेन्सीवर लावलेल्या कोणत्याही रिसीव्हरला ऐकू येतो. पूर्वी त्यासाठी महागडा स्कॅनर लागे. 2012 च्या सुमारास मात्र दूरचित्रवाणी पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त यूएसबी डोंगलमधील आरटीएल2832यू ही चिप रेडिओ लहरींचे कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि हे काम लॅपटॉपवर होऊ लागले.

भारतात येथे कायदा आडवा येतो, आणि तो यावाच. परवान्याशिवाय बिनतारी संच बाळगणे 1933 च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते. 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार संदेश बेकायदा अडवून ऐकणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हॅमच्या पट्ट्यांपुरताच असतो. त्याने पोलिसांच्या वाहिनीचे दार उघडत नाही.

आता लॅपटॉपच्या पडद्यावर उमटणारा रेडिओ लहरींचा आलेख डोळ्यांसमोर आणा. कोणी डिजिटल संचावर बोलू लागले की निळ्या पार्श्वभूमीवर साडेबारा किलोहर्ट्झ रुंदीची पिवळी पट्टी उमटते, दोन-चार सेकंद टिकते आणि विरते. साध्या एफएम रिसीव्हरवर तिची नुसती टरटर ऐकू येते. हेच एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश कूटबद्ध करणे, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. डिजिटल संचातला व्होकोडर आवाजाचे बिटांत रूपांतर करतो, अमेरिकी पोलिसांच्या पी25 पद्धतीच्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला 4,400 बिटांत, आणि ही रीत जाहीर असल्यामुळे सॉफ्टवेअर ती उलगडू शकते. संदेश कूटबद्ध होतो तो त्या बिटांत किल्लीपासून, म्हणजे संचात साठवलेल्या गुप्त आकड्यापासून, तयार केलेला दुसरा बिटप्रवाह मिसळल्यावर. किल्ली एईएस या कूटपद्धतीची, 256 बिटांची असेल, तर एकेक किल्ली लावून पाहण्याचा नाद सोडलेलाच बरा.

तरीही सगळेच झाकले जात नाही. कोणत्या टॉकग्रुपवर (म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या संचांच्या गटावर), कोणत्या क्रमांकाचा संच, किती वेळ बोलला, ही माहिती बहुधा उघडीच जाते. त्याहून मोठी गळती माणसाच्या बोटापाशी होते. अमेरिकी संगणक-सुरक्षा संशोधक मॅट ब्लेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली अमेरिकेतील केंद्रीय तपास यंत्रणांच्या पी25 वाहिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संच एन्क्रिप्शनचे होते, तरी प्रत्येक महानगरात दिवसाला सरासरी 20 मिनिटांहून अधिक संवेदनशील संभाषण उघडे जात होते. कधी संचावरचे बारीकसे बटण चुकीच्या बाजूला राहिलेले असे, तर कधी गटातल्या एकाकडे नवी किल्लीच पोहोचलेली नसे आणि त्याच्यासाठी सारेच उघड बोलू लागत. गणिताला कोणी हातही लावला नव्हता.

टेट्रा या पोलिसांच्या वायरलेससाठी वापरल्या जाणाऱ्या युरोपीय पद्धतीत मात्र गणितातच खोट होती. तिची कूटसूत्रे, म्हणजे संदेश कूटबद्ध करण्याच्या गणिती रीती, दशकानुदशके गुप्त ठेवण्यात आली. झाकली मूठ सव्वा लाखाची हा हिशेब येथे महागात पडला. 2023 मध्ये ‘मिडनाइट ब्लू’ या डच संस्थेच्या संशोधकांनी ती सूत्रे संचातून बाहेर काढली, तेव्हा टीईए1 या सूत्राची 80 बिटांची म्हणून सांगितलेली किल्ली आतल्या आत 32 बिटांवर आणली जात असल्याचे उघडकीस आले. म्हणजे सुमारे 429 कोटी शक्यता. साधा संगणक त्या काही मिनिटांत तपासून मोकळा होतो. युरोपातील पोलिसांसाठी टीईए2 हे दुसरे सूत्र राखीव होते. दुबळे टीईए1 इतरांच्या वाट्याला आले. ही चूक नव्हे, जाणूनबुजून केलेली सोय होती, असेच म्हणावे लागते.

यावर उपाय म्हणून एका संचापासून दुसऱ्या संचापर्यंत एन्क्रिप्शनचा आणखी एक थर चढवण्याचा सल्ला देण्यात आला. 2025 मध्ये त्याच संशोधकांनी असा थर असलेला एक संच उघडून तपासला. त्यातली 128 बिटांची एईएस किल्ली 56 बिटांवर आणलेली निघाली.