कपाशीची पहिली पेशी

[दृश्य : कपाशीचा बीजोत्पादन प्लॉट, दुपार. ओळीओळीत वाकलेल्या बायका.]

दुपारचे साडेतीन वाजलेत. विदर्भातल्या या प्लॉटवर संकरित कपाशीचं बी तयार होतंय आणि बायकांनी एकेक ओळ धरली आहे. सगळ्यांची नजर एकच गोष्ट हुडकतेय : उद्या सकाळी उमलणारी कळी. हिरव्या दातेरी पानांतून फिक्कट पाकळ्यांचा पीळ वर आलेला दिसला, की ती कळी आजची. त्याहून लहान असेल तर उद्या-परवावर. नजरचुकीने राहून उमललेलं फूल मात्र तोडून टाकायचं.

[दृश्य : अंगठ्याचं नख, अगदी जवळून.]

आता हा अंगठा बघा. कळीच्या बुडाशी नख रुततं, गोल फिरतं आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची, म्हणजे पराग देणाऱ्या नर भागांची, अख्खी नळी हातात येते. शंभरेक पुंकेसर असतात, त्यातला एकही मागे राहून चालत नाही. झाडावर उरतो तो चिमुकला बीजांडकोश, ज्याचं पुढे बोंड होतं, त्यावर उभा दांडा म्हणजे कुक्षीवृंत आणि टोकाला पराग झेलणारी चिकट कुक्षी. बीजांडकोशावरचा पांढरा पापुद्रा फाटला तर बोंड धरत नाही. म्हणून ओळीच्या टोकावरून मावशींचा आवाज येतो, “बोंडाले नख नको लागू देजो वं!”

कपाशीच्या एकाच फुलात नरही असतो आणि मादीही. सोडून दिलं तर बहुतेक वेळा ते आपलेच पराग घेऊन मोकळं होतं. संकरित बियाण्याला आई एका वाणाची आणि बाप दुसऱ्या वाणाचा लागतो. त्यासाठी आईच्या प्रत्येक फुलातला बाप आदल्या संध्याकाळी हाताने काढावा लागतो. प्रत्येक फुलातला, रोज, हंगाम संपेपर्यंत.

[दृश्य : लाल कागदी पिशव्या. सूर्य मावळतीला.]

मोकळ्या झालेल्या कुक्षीवर लाल पिशवी चढते. लाल म्हणजे उद्याचं काम.

[दृश्य : सकाळ. नर ओळीतली उमललेली फुलं टोपलीत.]

सकाळी नऊच्या सुमारास नर ओळीतली, म्हणजे बाप वाणाची, फुलं खुडून आणली जातात. पाकळ्या मागे मुडपल्या की पिवळे पराग उघडे पडतात. कपाशीचा परागकण आकाराने मोठा, जवळपास मिलिमीटरचा दहावा हिस्सा. अंगावर काटे, वजनाला जड. वाऱ्याने तो फारसा कुठे जात नाही. आणि पाणी त्याला अजिबात सोसत नाही. पावसाचा थेंब पडला की कण फुटतो आणि त्या सकाळची सगळी मेहनत जाते. म्हणून बायका हात चालवताना मध्येच आभाळाकडे बघतात.

[दृश्य : फूल कुक्षीवर फिरतं. निवेदन थांबतं.]

एका नर फुलात चार-पाच कुक्षी रंगवून होतात. लाल पिशवी उतरते, पांढरी चढते, देठाला दोरा बांधला जातो. वेचणीच्या वेळी हाच दोरा सांगेल की हे बोंड संकराचं आहे.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली परागकण. नलिका पुढे सरकते.]

आता इथून पुढचं काम फुलाचं. कुक्षीवर पडलेला कण रुजतो, त्यातून परागनलिका निघते आणि कुक्षीवृंताच्या आतून खाली उतरत जाते. साधारण दिवसभरात ती बीजांडापर्यंत, म्हणजे पुढे सरकी होणाऱ्या कणापर्यंत, पोहोचते. तिच्यातून दोन नरयुग्मकं, म्हणजे बापाच्या पेशी, आत सोडली जातात. एक अंडपेशीला मिळतं. दुसरं जातं मधल्या पेशीकडे आणि तिथून गर्भाला पोसणारा भ्रूणपोष तयार होतो. हे दुहेरी फलन 1898 साली सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांमध्ये दाखवलं.

[दृश्य : बीजांडाचा रंगवलेला छेद. एक पेशी.]

हा युग्मनज. झायगोट. फलन झालेली अंडपेशी. छत्तीस तासांपूर्वी नखाने सुरू झालेलं काम इथे येऊन पोहोचलं आहे. आईकडून 26 गुणसूत्रं, बापाकडून 26, मिळून 52. उद्याचं अख्खं झाड, त्याची उंची, फांद्यांची ठेवण, बोंडाचं वजन, धाग्याची लांबी, या सगळ्याचा आराखडा या एका पेशीत लिहून झाला आहे. आणि गंमत बघा, कपाशीचा युग्मनज फलनानंतर चक्क आक्रसतो. अंडपेशीच्या जवळपास निम्मा होतो. शेजारचा भ्रूणपोष भराभर विभागू लागतो, पण युग्मनज दोन-तीन दिवस घेतो आणि मगच त्याची पहिली फाळणी होते. एक पेशी लहान, एक मोठी. लहान पेशीतून पुढे रोपाचा गर्भ घडत जातो.

एका बोंडात अशी तीसेक बीजांडं असू शकतात. प्रत्येकाला स्वतंत्र परागकण लागतो. बायकांनी कुक्षीच्या सगळ्या अंगांनी फूल का फिरवलं, ते आता कळेल. पराग कमी पडले तर काही बीजांडं तशीच सुकून जातात आणि बोंड वाकडं भरतं.

[दृश्य : फुटलेलं बोंड, पांढरा कापूस.]

या बोंडातला कापूस मात्र निव्वळ आईचा. धागा म्हणजे बीजांडाच्या बाहेरच्या सालीतली एकेक पेशी लांबत गेलेली, आणि ती साल आईच्याच अंगाची. बाप फक्त आत आहे, सरकीतल्या गर्भात. त्याचे गुण दिसतील पुढच्या वर्षी, हे बी ज्याच्या शेतात उगवेल तिथे.

[दृश्य : जुनी छायाचित्रं.]

व्यापारी पातळीवर लावलेला जगातला पहिला संकरित कापूस आपल्या शेजारचा. सुरतच्या संशोधन केंद्रातले डॉ. सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये एच-4 दिला. त्यानंतर धारवाडचा वरलक्ष्मी आला, नांदेडचा एनएचएच-44 आला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील आजही मुख्यतः सरळ, म्हणजे संकर न केलेले, वाण लावतात. भारत संकरित कापसाचा देश झाला, तो या हातांमुळे.

[दृश्य : शेतकऱ्याचं शेत. एकसारखी झाडं.]

आई आणि बाप दोन्ही वाण पिढ्यान् पिढ्या स्वतःशीच फलित करून शुद्ध केलेले असतात. म्हणून आईच्या सगळ्या अंडपेशी सारख्या, बापाची सगळी युग्मकं सारखी. लाखो युग्मनज वेगवेगळ्या फुलांत, वेगवेगळ्या हातांनी जुळले, तरी सगळे एकाच घडणीचे. शेत एकसारखं दिसतं ते त्यामुळे.

याच झाडांची सरकी ठेवून पेरली, तर ही एकसारखी घडण मोडते. युग्मकं तयार होताना गुणसूत्रांच्या 26 जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतलं कुठलं गुणसूत्र कुठे जाईल ते दर वेळी वेगळं. नुसत्या या वाटणीतून 6 कोटी 71 लाखांहून जास्त जुळण्या निघू शकतात. बीटीचं, म्हणजे बोंडअळीला रोखणारं, एखादं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल, तर संकरित झाडाच्या चार सरक्यांपैकी साधारण तिघींत ते सापडतं, चौथीत नाही. म्हणून शेतकऱ्याला दर हंगामाला नवं पाकीट विकत घ्यावं लागतं.

[दृश्य : पुन्हा प्लॉट. वेचणी, दोऱ्याची बोंडं वेगळ्या पोत्यात.]

दोरा असलेली बोंडं वेगळी, बाकीची वेगळी. या कामावर कोवळ्या मुलींना लावल्याचं देशात अनेक ठिकाणी नोंदलं गेलं आहे. 14 वर्षांखालील मुलांना मजुरीला लावणं हा गुन्हा आहे.

बियाण्याचा नमुना पेरून शुद्धता तपासली जाते. एखाद्या कळीत एक पुंकेसर राहिला असेल, तर त्याचं झाड तिथे वेगळं उठून दिसतं. अशी झाडं ठरलेल्या प्रमाणाबाहेर निघाली की लॉट नापास, आणि बीजोत्पादकाला बियाण्याचा भाव मिळत नाही. क्रॉसिंगची, म्हणजे या संकराच्या कामाची, मजुरी त्याने तोवर कधीच वाटलेली असते.