व्हर्जिनियातल्या दोन माफ्या

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत एखादा पुढारी वंशावरून वावगं बोलला की पुढे नेमकं काय काय होतं, हे आज जरा जवळून पाहू. राज्य एकच घेऊ, व्हर्जिनिया. यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेची राजधानी रिचमंड, ती इथलीच. आणि मतदारांनी निवडून दिलेला देशातला पहिला कृष्णवर्णीय गव्हर्नर, डग्लस वाइल्डर, तोही याच राज्याने दिला, १९८९ साली.

पहिला प्रसंग ११ ऑगस्ट २००६चा. सिनेटर जॉर्ज ॲलन यांची सभा चालली होती ब्रेक्स नावाच्या डोंगराळ भागात. समोर प्रतिस्पर्धी जिम वेब यांच्या प्रचारातला २० वर्षांचा एक मुलगा कॅमेरा घेऊन उभा होता. याला तिकडे ट्रॅकर म्हणतात. विरोधी उमेदवाराच्या सभांना जायचं, एकूण एक शब्द टिपायचा आणि जीभ घसरायची वाट पाहायची, एवढंच त्याचं काम. मुलगा भारतीय वंशाचा, पण जन्मला-वाढला व्हर्जिनियातच. ॲलन यांनी त्याच्याकडे बोट दाखवून त्याला 'मकाका' म्हटलं आणि वर 'अमेरिकेत तुझं स्वागत' असंही सुनावलं.

मकाका हे माकडांच्या एका प्रजातीचं शास्त्रीय नाव. कोकणात नारळाच्या झाडांवर धाड घालणारी लालतोंडी माकडं याच प्रजातीतली. उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत हा शब्द शिवी म्हणून वापरला जाई. ॲलन यांच्या आई ट्युनिशियात जन्मलेल्या, म्हणून शंका अधिकच बळावली. आपल्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, असं ॲलन म्हणत राहिले.

पण गाडी घसरली ती माफीत. आधी प्रचारातल्या मंडळींनी सांगितलं, त्या मुलाच्या केसांच्या ठेवणीवरून ते टोपणनाव पडलं होतं. मग म्हणे, शब्द सहजच सुचला. मग 'त्याला वाईट वाटलं असेल तर' या चालीवर दिलगिरी आली. मराठीत आपण दिलगिरी आणि माफी यांत फरक करतो, तो इथे नेमका लागू पडतो. 'असेल तर' म्हटलं की चूक बोलणाऱ्याची उरत नाही, ऐकणाऱ्याच्या हळवेपणाची होते. ॲलन यांनी मुलाला स्वतः फोन केला तो २३ ऑगस्टला. तोवर ती चित्रफीत यूट्यूबवर फिरत होती, आणि यूट्यूबचं वय तेव्हा जेमतेम दीड वर्ष. पूर्वी अशा बोलण्याची वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली असती. आता ज्याला-त्याला बोट, चेहरा, हसू, सगळं दिसत होतं.

नोव्हेंबरात ॲलन हरले. तेवीस लाखांहून जास्त मतं पडली आणि फरक साधारण ९,३०० मतांचा. या एका जागेने सिनेटमधलं बहुमतही फिरलं. इराक युद्धावरची नाराजी होतीच, त्यामुळे सगळा दोष एका शब्दावर टाकता येणार नाही. पण फरक एवढासा असला की कुठलंही एक कारण पुरेसं ठरतं.

दुसरा प्रसंग १ फेब्रुवारी २०१९चा. गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या १९८४च्या वार्षिकातलं त्यांचं पान बाहेर आलं. त्यावरच्या एका फोटोत दोघं शेजारी उभे. एकाने तोंड काळं रंगवलेलं, दुसऱ्याने कू क्लक्स क्लॅनचा, म्हणजे काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेचा, पांढरा झगा आणि टोपी चढवलेली.

आपल्याकडे विरोधकाच्या तोंडाला काळं फासतात, तिथे गुन्हा स्वतःच्या तोंडाला फासण्याचा आहे. एकोणिसाव्या शतकात गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला चोपडून, ओठ मोठे रंगवून रंगमंचावर गुलामांची टिंगल करत आणि त्यावर थिएटरं भरत. त्यातल्याच एका पात्राचं नाव जिम क्रो. पुढे दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना हेच नाव चिकटलं. म्हणून हा 'नुसता वेश' नसतो.

नॉर्थम यांनी त्याच रात्री माफी मागितली, जर-तर काही न लावता. दुसऱ्या दिवशी मात्र पत्रकार परिषदेत म्हणाले, फोटोतला मी नव्हेच. आणि स्वतःहून सांगून टाकलं की त्याच वर्षी एका नाचाच्या स्पर्धेत मायकेल जॅक्सन व्हायला गालांना थोडं बूट पॉलिश लावलं होतं. एका पत्रकाराने विचारलं, मूनवॉक, म्हणजे जॅक्सनची ती मागे सरकत जाणारी चाल, अजून जमते का? साहेबांनी पायाखाली जागा आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. पत्नीने शेजारून अडवलं, ही वेळ नव्हे. मागितलेली माफी परत घेता येत नाही, हे त्या क्षणी सगळ्यांना दिसलं. स्वपक्षाच्या पुढाऱ्यांनीही राजीनामा मागितला.

तो आला नाही, कारण खुर्चीच्या रांगेत मागे कोण उभं आहे हेही पाहावं लागतं. गव्हर्नर गेले तर त्यांच्या जागी येणारे लेफ्टनंट गव्हर्नर, त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले, ते त्यांनी नाकारले. त्यामागचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, त्यांनी तर आपणही १९८० मध्ये एका पार्टीत तोंड काळं रंगवल्याचं कबूल केलं. हे तिघंही डेमोक्रॅट. त्यानंतरचा नंबर विधानसभेच्या सभापतींचा, आणि ते रिपब्लिकन. त्यांच्या पक्षाचं ५१ विरुद्ध ४९ हे बहुमतसुद्धा एका बरोबरीत सुटलेल्या जागेवर, वाडग्यातून चिठ्ठी काढून ठरलेलं. एवढा गणिती घोळ समोर असताना आठवडाभरात नैतिक आवाज बराच खाली आला.

लोकांना हे दिसत नाही असं थोडंच आहे! अमेरिकेत १९५८ पासून सर्वेक्षणांत एक प्रश्न विचारला जातो. वॉशिंग्टनमधलं सरकार योग्य तेच करील असा भरवसा तुम्हाला किती वेळा वाटतो? १९६४ मध्ये 'जवळजवळ नेहमी' किंवा 'बहुतेक वेळा' म्हणणारे ७७ टक्के होते. व्हिएतनाम आणि वॉटरगेटनंतर, १९७४ मध्ये, ३६ टक्के. प्यू या जनमत अभ्यासणाऱ्या संस्थेच्या २०२३च्या पाहणीत १६ टक्के, आणि त्यातले 'जवळजवळ नेहमी' म्हणणारे फक्त एक टक्का. हा आकडा वाचताना एक काळजी घ्यावी. आपला पक्ष सत्तेवर आला की भरवसा वाढतो, दुसरा आला की उतरतो. म्हणजे प्रश्न सरकारचा असला तरी उत्तर बऱ्याचदा पक्षाचं असतं.

आता याच्या शेजारी व्हर्जिनियातली त्या फेब्रुवारीतली एक जनमत चाचणी ठेवा. नॉर्थम यांनी जावं की राहावं? राज्यात मत सारखं विभागलेलं, ४७-४७. पण कृष्णवर्णीय मतदारांत ५८ टक्के म्हणाले राहावं, ३७ टक्के म्हणाले जावं. ज्यांचा अपमान झाला, त्यांच्यात राजीनाम्याची मागणी इतरांपेक्षा कमी! क्षमाशीलता म्हणून याचं कौतुक फार झालं. मला त्यात रोकडा हिशेब जास्त दिसतो. पुढाऱ्याच्या मनाकडून अपेक्षा नव्हतीच, तेव्हा धक्काही बेताचाच. आणि ओशाळलेल्या गव्हर्नरकडून कामं करून घेता येतात.

कामं झालीही. मार्च २०२१ मध्ये फाशीची शिक्षा रद्द करणारं व्हर्जिनिया हे दक्षिणेतलं पहिलं राज्य ठरलं. त्याच ऑगस्टमध्ये मार्टिन्सव्हिलच्या सात कृष्णवर्णीयांना, एका गोऱ्या स्त्रीवरच्या बलात्काराबद्दल १९५१ मध्ये मृत्युदंड दिलेल्यांना, मरणोत्तर माफी जाहीर झाली. आणि ८ सप्टेंबरला रिचमंडमधला, यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती असलेल्या जनरल ली यांचा २१ फूट उंचीचा पुतळा चौथऱ्यावरून उतरवला. तो १८९० पासून तिथे होता.

व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही. नॉर्थम मुदत पुरी करून जानेवारी २०२२ मध्ये पायउतार झाले. महाविद्यालयाने नेमलेल्या वकिलांनी त्या फोटोची चौकशी करून मे २०१९ मध्येच अहवाल दिला होता. जुने विद्यार्थी विचारून झाले, वार्षिकं चाळून झाली. फोटोत नॉर्थम आहेत असंही ठरवता आलं नाही, नाहीत असंही नाही.

नमस्कार.