चर्चगेटचं बी-स्कूल सावंतवाडीपर्यंत पोचायला हवं

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय मॅनेजमेंटच्या शिक्षणाबद्दल, पण गल्लोगल्ली होर्डिंग दिसतात त्या कॉलेजांबद्दल नाही, विद्यापीठाच्या स्वतःच्या बी-स्कूलबद्दल, म्हणजे एमबीए शिकवणाऱ्या संस्थेबद्दल. आणि त्यातही मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटबद्दल, कारण ती आपली आहे आणि तिच्याकडून मला खूप अपेक्षा आहेत.

चर्चगेटला उतरलात की चालत जाता येईल इतक्या अंतरावर ही संस्था आहे. 1965 साली सुरू झाली, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या मदतीनं. तेव्हा अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आयआयएमना, म्हणजे केंद्र सरकारच्या मॅनेजमेंट संस्थांना, जेमतेम चार वर्षं झाली होती, म्हणजे देशात मॅनेजमेंट शिकवणं हीच नवी गोष्ट होती आणि आपल्या राज्याच्या विद्यापीठानं ती लगेच उचलली, याचा मला खरंच अभिमान वाटतो. कोटक महिंद्रा बँकेचे उदय कोटक इथलेच, उद्योगपती अजय पिरामल इथलेच, हिंदुस्तान युनिलिव्हरचे प्रमुख राहिलेले नितीन परांजपेही इथलेच.

पण मला त्याहून जास्त कौतुक आहे ते इथल्या संध्याकाळच्या वर्गांचं. मार्केटिंग, फायनान्स, एचआर असे नोकरी करता करता करायचे तीन वर्षांचे कोर्स. बँकेत नाहीतर कुठल्या कंपनीत दिवसभर काम करून माणसं येतात, खांद्याला लॅपटॉपची बॅग, स्टेशनबाहेर घाईघाईत खाल्लेला वडापाव, आणि मग वर्गात कॉस्टिंगवर, म्हणजे खर्चाच्या हिशेबावर, अशी भांडतात की सरांनाच थांबवावं लागतं, कारण त्यांनी तो आकडा दुपारीच ऑफिसात बघितलेला असतो. लेक्चर संपलं की विरार फास्ट पकडायची. माझ्या मते आउटरीच म्हणतात ते हेच, ज्याला नोकरी सोडून दोन वर्षं बसणं परवडत नाही त्याच्यासाठी दार उघडं ठेवणं.

आता वाढीचं बघू. वाढ म्हटलं की लोक लगेच विचारतात सीट किती वाढल्या, पॅकेज किती गेलं. विचारू देत, पोरांना नोकऱ्या लागायलाच हव्यात. पण हे विद्यापीठ फक्त मुंबईचं नाही ना, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सगळे जिल्हे त्याच्याच कार्यक्षेत्रात येतात, रत्नागिरीत उपकेंद्रही आहे. चर्चगेटपासून सावंतवाडी पाचशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या कॉलेजातून बीकॉम झालेल्या मुलीच्या डिग्रीवर नाव मुंबई विद्यापीठाचंच असतं, मग तिच्या विद्यापीठाचं बी-स्कूल तिच्यापर्यंत किती पोचतं, वाढ मोजायची तर आधी हे मोजा असं माझं म्हणणं आहे.

आणि नुसतं मुलांना मुंबईत आणून भागणार नाही, शहाणपण तिकडेही जायला पाहिजे. हापूसचंच घ्या. 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं, पण बागायतदाराच्या हातात काय पडतं? बरेच जण हंगामाआधी दलालाकडून उचल घेतात, फवारणीला पैसा लागतो, राखणदार लागतो, मग माल त्याच दलालाकडे वाशीच्या बाजारात जातो. खोका, पेंढा, गाडीभाडं, हमाली, सगळं होऊन शेवटी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब येतो, त्यात उचल वळती केलेली. मार्चमध्ये पेटीला चांगला भाव असतो, मे उजाडला आणि आवक वाढली की तोच भाव कोसळतो. आता डझनामागे खरा खर्च किती आला, कुठली पेटी वाशीला पाठवायची आणि कुठली थेट गिऱ्हाइकाला, उचलीवर प्रत्यक्षात व्याज किती पडलं, हे कागदावर मांडून देणारं कोणीतरी लागतं. हे अगदी पहिल्या वर्षाच्या कॉस्टिंगचं काम आहे हो! आणि गंमत बघा, एमबीएच्या मुलांची दोन महिन्यांची इंटर्नशिप साधारण मे-जूनमध्येच असते, म्हणजे ऐन आंब्यात. वर्गातल्या चार-पाच मुलांना तरी देवगडला, पावसला, नाहीतर काजूच्या कारखान्यात नाहीतर एखाद्या बचत गटाकडे पाठवा, आणि त्याला कंपनीतल्या इंटर्नशिपइतकेच मार्क द्या. इतकेच मार्क हा मुद्दा महत्त्वाचा, नाहीतर कोण जाणार?

आता जे श्रोते कोकणातून, पालघरच्या पाड्यावरून, ठाण्याच्या ग्रामीण भागातून ऐकतायत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. पूर्णवेळ एमबीएचा प्रवेश राज्याच्या एमबीए सीईटीतून, म्हणजे प्रवेश परीक्षेतून होतो. 200 प्रश्न, अडीच तास, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पेपर इंग्रजीत असतो खरा, पण त्यातले 75 प्रश्न लॉजिकचे आणि 50 गणिताचे, ते सरावानं जमतात, त्यासाठी फाडफाड इंग्रजी बोलता यायला लागत नाही. फीची धास्ती वाटत असेल तर घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असलेल्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, आणि 2024-25 पासून अशा घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. हे किती घरांत माहीत आहे? मुलगी हुशार असते आणि मुंबईची फी कुठून भरणार म्हणून विषय घरातच संपतो, याचं मला फार वाईट वाटतं. बी-स्कूलच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या जुन्या कॉलेजात जाऊन एवढं जरी सांगितलं तरी खूप काम होईल.

फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतात. त्याआधीच सेतूत जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाईल काढून ठेवा, राखीव जागेतून जायचं असेल तर जात वैधतेचं आत्ताच बघा, त्याला वेळ लागतो. आणि तुमच्या गावातलं, ओळखीतलं कोणी शेवटच्या वर्षाला असेल तर आज त्यांना फोन करून हे सांगा.