सकाळचं सिरप, अकराचा ताप

सव्वाअकरा वाजलेत. ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर दप्तर उशाला घेऊन ही तिसरीतली मुलगी झोपलीय ना, ती सकाळी हसत हसत व्हॅनमध्ये चढली होती, आम्हीच शूट केलंय ते. मावशींनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच मॅडमकडे बघितलं, बघा.

आता जरा मागे जाऊ. साडेसहा वाजलेत, पिंपरीतलं वन रूम किचन. कुकरची दुसरी शिट्टी, खुर्चीवर इस्त्रीचा युनिफॉर्म आणि पोरीच्या काखेत थर्मामीटर. १०१. आईची फर्स्ट शिफ्ट, बाबा रात्रपाळीवरून अजून यायचेत, आजी गावाला. मग बाटलीच्या झाकणावरचं ते छोटं माप, त्यात सिरप, पाठोपाठ एक घोट पाणी. पाऊण तासात अंग गार, पोरगी वेणी घालून तयार, आईला वाटतं उतरला ताप. यात तिची काही चूक नाहीये हो, कुणालाही तसंच वाटेल.

पण पॅरासिटामॉल आजार घालवत नाही, ते ताप तेवढा खाली आणतं आणि तेही चार ते सहा तास. म्हणजे साडेसहाला डोस दिला तर साडेदहा-अकराला अंग परत तापू शकतं, नेमकं वर्गात, एका बाकावर तिघी चिकटून बसलेल्या असताना. आणि मधल्या वेळात अंग गार लागलं तरी शिंकेतून, खोकल्यातून, एकाच बाटलीतून पाणी पिण्यातून आजार पुढे जातच असतो. म्हणून डॉक्टर सांगतात, १००.४ किंवा त्याच्या वर असेल तर घरी, आणि तापाचं औषध न देता सलग २४ तास ताप आला नाही की मग शाळा. औषध न देता, हेच नेमकं राहून जातं.

उलटी-जुलाब थांबले तरी निदान एक पूर्ण दिवस घरी. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. नुसती सर्दी आहे, पोर खातंय, खेळतंय, तर खुशाल पाठवा. डोळे आल्यावर काय होतं ते २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत बघितलंच सगळ्यांनी, शाळकरी मुलांमध्ये साथ केवढी पसरली होती.

आणि हा फळा. शंभर टक्के हजेरी, पाच नावं, प्रत्येकापुढे खडूची चांदणी. या चांदणीसाठी मुलं अंगात ताप असताना "मला जायचंच" म्हणून हट्ट करतात. आजारपणाचे दिवस या हिशोबातून काढून टाकायला काय हरकत आहे, एवढंच आम्ही मुख्याध्यापकांना विचारलं, ते म्हणाले बघतो.

त्या आठवड्यात त्याच वर्गातली अजून चार मुलं तापाने घरी बसली, आणि मुलीला न्यायला आलेल्या आईचा अर्धा दिवस कापला गेला.

दुसरा दिवस, तीच खोली, तोच थर्मामीटर. ९८.८. सिरपची बाटली आज फडताळावरच आहे. पण रात्री नऊला १०१ होता, म्हणजे २४ तास काही झाले नाहीत, आई बोटांवर तास मोजतेय. खाली व्हॅनवाल्या काकांनी दोनदा हॉर्न वाजवला. तिने गॅलरीतून हातानेच नाही म्हणून सांगितलं. शेजारच्या काकू मऊ भाताचं पातेलं घेऊन आल्यात, बाबा येईपर्यंत त्या थांबणारेत.