हौदा नंतर बघा, आधी खाली वाका

नमस्कार मंडळी. गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्याकडं अकलूजपासून अक्कलकोटपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे व्यवहार सुरू होतात, आणि मग सगळेच विचारतात, जड मालाला ट्रॉली घ्यायचीय, काय बघू? माझं उत्तर एकच आहे. हौदा नंतर बघा, आधी खाली वाका. परत सांगतो, हौदा म्हणजे माल भरायची पेटी नंतर, आधी चेसिस म्हणजे खालचा सांगाडा, एक्सल म्हणजे चाकांचा आस, आणि ट्रॅक्टरला जोडायचा हूक.

हे मला शिकवलं मंगळवेढ्याकडच्या आमच्या एका मामांनी. जुने ट्रॅक्टरवाले, बोलणं कमी. त्यांच्या पुतण्याला मुरूम आणि वाळूच्या कामाला दोनचाकी टिपिंग ट्रॉली घ्यायची होती, सेकंडहँड. मोहोळच्या पुढं एका वस्तीवर गेलो बघायला. ट्रॉली अशी चकाचक की काय सांगू, नवा निळा रंग, मागच्या फाळक्यावर दोन मोर काढलेले, टायरला काळं पॉलिश. पुतण्या बघताक्षणी खूश, त्याचा हात खिशाकडं चालला होता. मामांनी रंगाकडं बघितलंच नाही, ते म्हणाले, "सुतळी हाय का घरात?"

सुतळी आली. मामांनी तिचं एक टोक ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याच्या कड्याला बांधलं, तिथनं ताणत डाव्या चाकाच्या हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागापर्यंत नेली, हबच्या बरोबर मध्यावर धरून गाठ मारली. मग तीच सुतळी उजव्या हबला नेली. ट्रॉलीवाला हसायला लागला, "काय मामा, ट्रॉलीचं माप घेऊन कपडे शिवायलाव का?" मामा काही बोलले नाहीत. उजव्या बाजूला गाठ हबच्या मध्याला पोचतच नव्हती, चांगली दोन बोटं अलीकडं. त्यांनी परत डावीकडं नेऊन बघितली, परत उजवीकडं. तेवढाच फरक.

मग पुतण्याला म्हणाले, ट्रॅक्टर जोड आणि विहिरीजवळच्या ओल्या रानातनं सरळ वड. त्यानं वढली. आम्ही मागनं चाकोऱ्या बघत चाललो, तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची खूण एकीकडं आणि ट्रॉलीची चाकं एका अंगाला वीतभर सरकून चाललेली, सरळ दिसणारी ट्रॉली तिरकी चालत होती बघा! मामा तिथंच खाली आडवे झाले, दांडा जिथं चेसिसच्या चॅनलला, म्हणजे लांब लोखंडी तुळईला जोडलाय तिथं किल्लीनं रंग खरवडला, आणि खाली वेल्डिंगवर वेल्डिंग, त्यावर एक पट्टी ठोकलेली. म्हणजे ट्रॉली कधीतरी कुठंतरी जोरात आदळलेली. ट्रॉलीवाल्याचं हसू गेलं, तो लगेच म्हणाला पंधरा हजार कमी द्या. तेव्हा मामा बोलले, "पैसे कमी करून एक्सल सरळ हुतोय का?" चहा घेतला आणि निघालो.

तर मंडळी, सुतळी. दहा रुपयाची सुतळी. कड्यापासून दोन्ही हब सारखेच लांब पायजेत. एक्सल तिरका असला की टायर एका अंगानं झिजतात, ट्रॅक्टर ओढताना जड जातो, डिझेल खातो. चारचाकी ट्रॉली असली तर पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, आणि टर्नटेबलला, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या चकतीला, ढिलाई आहे का ते हलवून बघा.

आता वजनाचं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, एवढी कोरडी वाळू साधारण साडेचार टन भरते, ओली असली तर आणखी जास्त. म्हणजे हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि एक्सल मात्र रडत असतो. उलट कडबा हौद्याच्या दुप्पट उंच रचला तरी वजन कमी, पण वळणावर कलंडायची भीती. आणि कडबा म्हटलं की राहवत नाही, मालदांडी ज्वारीच्या कडब्याला तोड नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि आपण मात्र सगळीकडं ऊसच लावत सुटलो, हे मला पटत नाही म्हणजे नाहीच. असो. पासिंगचं एकूण वजन वजा ट्रॉलीचं स्वतःचं वजन, उरतं तेवढाच माल. जादा भरला आणि सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून वीस हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

काळ्या रानात दोनचाकी बरी, कारण तिचं थोडं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतं आणि चाक घसरत नाही. पण माल एक्सलच्या मागं गेला की गाडी उलाळ होते, हूक वर उचलतो, ट्रॅक्टरची पकड सुटते. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. लांब रस्त्याला, कारखान्याला, चारचाकी.

ब्रेकचं नीट ऐका. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो, सगळा लोड ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. वेग दुप्पट केला तर थांबायला चौपट अंतर लागतं, चौपट. म्हणून रस्त्यावर ट्रॅक्टरची डाव्या-उजव्या चाकाची दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडून ठेवा, आणि कॅनॉलच्या पुलावरून उतरताना न्यूट्रल करू नका, लोड मागनं ढकलतो. आणि ट्रॅक्टरवर लावलेले ते मोठ्ठे स्पीकर! मागच्या गाडीनं हॉर्न मारला तरी ड्रायव्हरला ऐकू येत नाही, मला त्याचा मनापासून राग येतो, लेकरंबाळं असतात हो रस्त्यावर.

टायरवर प्लाय म्हणजे थरांचा आकडा बघा, नऊशे-सोळा मापाच्या टायरला सोळा प्लाय घ्या, आणि बाजूवर चार आकडे असतात ते वाचा, 2319 असेल तर 2019 चा तेविसावा आठवडा. चाक जॅकवर उचलून फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेलंय. मागं लाल, पुढं पांढरी आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी, धुळीनं माखली की रोज पुसायची.

शेवटी कागद. ट्रॉलीचं आरसी वेगळं असतं, ट्रॅक्टरचं चालत नाही, इन्शुरन्समध्येही ट्रॉलीची नोंद आहे का बघा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि चॅनलवर पंच केलेला नंबर समोरासमोर धरून वाचा. रंगाखाली सापडत नसला तर पॉलिश पेपरनं घासा, आणि घासू देत नसतील तर इसार खिशातच राहू द्या.