घोरणे आणि मध्येच थांबणारा श्वास

श्रोतेहो, नमस्कार.

ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’, म्हणजे झोपेत श्वासमार्ग मिटून श्वास पुन्हा पुन्हा थांबणे, हे नाव होते, आणि अनेकांनी ते त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकले. हा विकार दुर्मीळ मुळीच नाही. मात्र आपल्याकडे मोठ्याने घोरणाऱ्या माणसाला गाढ झोप लागली आहे असे समजले जाते आणि सकाळी चहाच्या वेळी थट्टा करून विषय संपवला जातो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की श्वासमार्ग पूर्ण मिटतो. छाती आणि पोट धडपडत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागला की मेंदू त्या माणसाला क्षणभर जागे करतो, तो गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. यातले सकाळी त्याला बहुधा काहीच आठवत नाही. असा खंड किमान दहा सेकंदांचा असतो, आणि श्वास थांबण्याचे किंवा फार मंदावण्याचे असे प्रसंग तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा घडू लागले, तर विकार तीव्र मानतात.

म्हणूनच खरा साक्षीदार म्हणजे शेजारी झोपणारी व्यक्ती. तिने घोरण्याच्या आवाजापेक्षा मध्येच पडणाऱ्या शांततेकडे लक्ष द्यावे आणि जमल्यास मोबाईलवर चित्रण करून ते डॉक्टरांना दाखवावे.

दिवसाच्या खुणा मात्र स्वतःला ओळखता येतात. पुरेसे तास झोपूनही सकाळी डोके जड राहणे, तोंडाला कोरड पडणे, बैठकीत किंवा एसटीत बसताच डुलकी लागणे, चिडचिड आणि विसराळूपणा वाढणे, औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात न येणे, या त्या खुणा होत. रात्री वारंवार लघवीला उठावे लागले की सगळा दोष मधुमेहावर किंवा प्रोस्टेटवर ढकलला जातो. पण त्यामागे हा झोपेतला विकारही असू शकतो. गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर तपासणी होईपर्यंत स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्यावे.

लठ्ठपणा आणि जाड मान यांमुळे धोका वाढतो, तरी लहान जबड्याची सडपातळ माणसेही यातून सुटत नाहीत. स्त्रियांमध्ये, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, अनेकदा केवळ थकवा आणि निद्रानाश दिसतो, त्यामुळे निदान लांबते. मुलांमध्ये या विकारामागे बहुधा वाढलेले टॉन्सिल असतात. अशी मुले तोंडाने श्वास घेतात आणि दिवसा पेंगण्याऐवजी अतिचंचल होतात.

निदानासाठी रात्रभर झोपेची तपासणी करतात. उपचारासाठी, नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र १९८१ पासून वैद्यकाला परिचित आहे. तपासणी होईपर्यंत झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, रात्री मद्य टाळावे, आणि कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असल्यास भूलतज्ज्ञांना या लक्षणांची कल्पना आधीच द्यावी.